पॉल कामेरर व त्याचे सॅलॅमँडर

ऑस्ट्रिया देशाची राजधानी जें व्हिएन्ना शहर, त्याच्या पश्चिमेस बीच वृक्षांचें एक विस्तीर्ण अरण्य आहे. लोक त्यास व्हिएन्नाचें रान असेंच म्हणतात. शरद ऋतूंतील एकाद्या रात्रीं, पाऊस नुकताच पडून गेला असतां, हातांत दिवा घेऊन तेथील ओढ्याच्या कांठानें हळू हळू चालत गेल्यास कुजलेल्या पानांवर एक विलक्षण प्राणी दृष्टीस पडण्याचा संभव असतो. आकार पालीसारखा, लांबी वीतभर, अंग काळें कुळकुळीत व ओलें, आणि त्यावर हळदीसारखे पिवळे धमक ठिपके. दिव्याचा उजेड पडला तरी तो पळत नाहीं. जड पावलें टाकीत आपल्या वाटेनें चालूं लागतो. घाई करण्याचें त्यास कारण नाहीं. डोळ्यांच्या मागील ग्रंथींत त्याच्याजवळ विष असतें, आणि ते पिवळे ठिपके म्हणजे शत्रूस दिलेली उघड ताकीदच होय.

हाच अग्नि-सॅलॅमँडर. हा पाल नव्हे. बेडकाचा भाऊबंद, उभयचर. दिवसा तो दगडांखालीं व ओंडक्यांच्या पोकळींत दडून बसतो. असें लांकूड चुलींत घातलें कीं आंतला प्राणी धडपडत बाहेर येई, व त्यावरूनच हा अग्नींत राहतो, किंबहुना अग्नि विझवितो, अशी समजूत प्राचीन काळीं रूढ झाली असावी. वस्तुतः आगींत सांपडल्यास तो बिचारा इतर प्राण्यांप्रमाणेंच मरतो. आपल्या महाराष्ट्रांत सॅलॅमँडर नाहींत. त्यांचा एक आप्त पूर्व हिमालयांत, दार्जिलिंगकडे, आढळतो. सह्याद्रींत मात्र पाय नसलेलें देवगांडूळ आहे, तें त्यांचें दूरचें नातेवाईक म्हणावयाचें.

या प्राण्याच्या नांवाशीं ज्याचें भाग्य व दुर्भाग्य जोडलें गेलें, त्या पॉल कामेररचा जन्म व्हिएन्ना येथेंच १७ ऑगस्ट १८८० रोजीं झाला. प्रथम त्यानें संगीताचा अभ्यास केला, गीतरचनाहि केली. परंतु मन गुंतलें तें बेडूक, सरडे व सॅलॅमँडर यांतच. ही आवड इतकी कीं, त्यानें आपल्या मुलीचें नांव लासर्टा ठेविलें. लासर्टा हें सरड्यांच्या एका प्रजातीचें शास्त्रीय नांव होय. (कन्येस तें कितपत रुचलें असेल कोण जाणे!)

१९०३ सालीं व्हिएन्नाच्या प्राटर उद्यानांत हान्स प्शिब्राम व त्याचे दोन सहकारी यांनीं एका जुन्या मत्स्यालयाच्या इमारतींत जीवशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. प्राण्यांची निगा ठेवण्यासाठीं त्यांनीं तरुण कामेररला बोलाविलें. इतरांच्या हातीं जे उभयचर लवकर मरत, ते याच्या हातीं वर्षानुवर्षें जगत व त्यांस पिलेंहि होत. हा हातगुण पुस्तकांतून येत नसतो.

त्या काळीं विद्वानांत एक मोठा वाद चालला होता. घण मारून मारून लोहाराचा दंड बळकट होतो. तें बळ त्याच्या मुलास उपजत मिळेल काय? बहुतेक नवे शास्त्रज्ञ नाहीं म्हणत. कामेररला वाटे, मिळेल. आणि हें सिद्ध करण्यासाठीं त्यानें सॅलॅमँडर हातीं घेतले. अग्नि-सॅलॅमँडरची मादी ओढ्याच्या पाण्यांत तीस-चाळीस लहान डिंभ सोडते. त्यांस माशांसारखे कल्ले असतात. उंच आल्प्स पर्वतांत राहणारा तिचा काळा नातलग मात्र पाण्याकडे फिरकत नाहीं. त्याची मादी दोन-तीन वर्षें गर्भ वागवून जमिनीवर दोनच पुरतीं वाढलेलीं पिलें देते. कामेररनें पहिलीस थंडींत व पाण्यावांचून ठेविलें, दुसरीस ऊब व भरपूर पाणी दिलें. त्याच्या म्हणण्याप्रमाणें दोघींनीं आपल्या रीतींची अदलाबदल केली, व पुढील पिढींतहि तो पालट कांहीं अंशीं उतरला. तसेंच पिवळ्या मातीवर वर्षानुवर्षें वाढविलेल्या अग्नि-सॅलॅमँडरांचे पिवळे ठिपके पसरत जाऊन पट्टे बनले, काळ्या मातीवर वाढलेल्यांचे आकसले, असेंहि त्यानें प्रसिद्ध केलें.

तिसरा प्रयोग एका भेकावर होता. त्याचा नर अंड्यांची माळ मागील पायांस गुंडाळून वागवितो, म्हणून त्यास सुईण-भेक म्हणतात. ही जात जमिनीवर जोडी जमविते. पाण्यांत जोडी जमविणाऱ्या जातींत नराच्या हातांवर, निसरड्या मादीस धरून ठेवण्यासाठीं, काळसर खरखरीत गादी येते. सुईण-भेकास उष्णतेच्या योगानें पाण्यांत राहावयास लावल्यावर कांहीं पिढ्यांनीं त्याच्याहि हातांवर अशी गादी आली, असें कामेररनें जाहीर केलें.

केंब्रिजचा विल्यम बेटसन हा आनुवंशशास्त्राचा एक आद्य पुरस्कर्ता. त्यानें महायुद्धापूर्वींच तो गादीचा नमुना पाहावयास मागितला. तो त्यास मिळाला नाहीं. आमच्या मतें कामेररचें पाऊल चुकलें तें येथें. पुढें १९१४ ते १९१८ च्या युद्धांत प्रयोगशाळेंतील बहुतेक प्राणी नष्ट झाले, व गादी असलेला एकच भेक बरणींत शिल्लक राहिला. चलन घसरून कामेररची मिळकतहि बुडाली. व्याख्यानांवर निर्वाह करीत तो १९२३ सालीं इंग्लंड-अमेरिकेस गेला, आणि वृत्तपत्रांनीं त्यास डार्विनच्या पंक्तीस नेऊन बसविलें. इतक्या घाईची स्तुति शास्त्रज्ञास मानवत नाहीं.

१९२६ सालीं न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचा ग्लॅडविन किंग्स्ली नोबल व्हिएन्नास आला व त्यानें तो उरलेला भेक तपासला. गादीचे खरखरीत कांटे तेथें नव्हतेच. काळा रंग होता तो कातडीखालीं टोंचून भरलेल्या शाईचा. ही हकीकत ७ ऑगस्ट रोजीं 'नेचर' या नियतकालिकांत छापून आली. कामेररनें स्वतः जाऊन संग्रह पाहिला. मॉस्को येथें त्यास नवी प्रयोगशाळा मिळावयाची होती; तेथील विद्वत्संस्थेस त्यानें पत्र लिहून नोबलचें म्हणणें खरें असल्याचें कबूल केलें. काळ्या पडलेल्या कांहीं सॅलॅमँडरांसहि मृत्यूनंतर शाईनें सुधारलेलें आढळलें, हेंहि त्यानें लपविलें नाहीं. मात्र हें कृत्य आपलें नव्हे असें सांगून त्यानें ती जागा नाकारली. २३ सप्टेंबर १९२६ रोजीं व्हिएन्नाच्या दक्षिणेस श्नेबर्ग डोंगराच्या पायथ्याशीं त्यानें आपल्या हातांनीं आपलें जीवित संपविलें. वय अवघें ४६.

शाई कोणीं भरली? स्वतः त्यानें, उत्साही मदतनिसानें, कीं वैऱ्यानें? याचा निर्णय आजवर लागलेला नाहीं. १९७१ सालीं आर्थर कोस्लर या लेखकानें त्याची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. अलीकडे, २००९ सालीं, एका शास्त्रज्ञानें त्याचे भेकांवरील निष्कर्ष नव्या आनुवंशविद्येच्या दृष्टीनें अगदींच अशक्य नसावेत असें सुचविलें. तथापि ते प्रयोग पुन्हां यशस्वी करून कोणींहि दाखविलेले नाहींत. त्यास सरळ लबाड म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं. आम्ही स्वतः कॉलेजांत असतां लंबकाचें एक मोजमाप पुस्तकाशीं जुळेना, म्हणून पेन्सिलीनें लिहिलेला आंकडा खोडून दुसरा लिहिला होता. अध्यापकांनीं पूर्ण गुण दिले. ते गुण आजहि आम्हांस टोंचतात.

त्या प्रयोगशाळेचेंहि पुढें बरें झालें नाहीं. १९३८ सालीं नात्सींनीं ऑस्ट्रिया घेतल्यावर ज्यू म्हणून प्शिब्रामला तिचें दार बंद झालें. १९४४ सालीं तेरेझीनच्या बंदिवासांत तो वारला. १९४५ च्या लढाईंत इमारत जळून गेली.

सॅलॅमँडर मात्र अद्यापि पावसाळी रात्रीं बाहेर पडतात. आतांचे अभ्यासक त्यांस बरणींत घालीत नाहींत. दिव्याच्या उजेडांत पाठीचें छायाचित्र घेऊन सोडून देतात. प्रत्येकाच्या ठिपक्यांची मांडणी निराळी असल्यामुळें तोच प्राणी पुढील वर्षीं दुसऱ्या कोणासहि ओळखतां येतो. नेदर्लंड्समध्यें त्यांची संख्या एकाएकीं घटली, तेव्हां त्यांस मारणारी एक सूक्ष्म बुरशी सांपडली, व २०१३ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध झालें. ती बुटांच्या चिखलांतूनहि पसरते. म्हणून हे लोक एका रानांतून दुसऱ्या रानांत जातांना बुटांचे तळवे औषधानें धुऊन घेतात, व मगच ओढ्याकांठीं पाऊल टाकतात.