घरचाच पहारेकरी

रविवारी तांबडा-पांढरा रस्सा झाला, की आम्हा कोल्हापूरकरांना शेवटी ताक लागतेच. आमचा भाचा मात्र हल्ली रश्श्याकडे नुसता पाहतो. त्याच्या मोठ्या आतड्याला सूज आहे, आणि ती त्याच्याच पांढऱ्या पेशींनी आणली आहे, असे डॉक्टर म्हणतात. रक्षण करणारेच उलटले कसे? या प्रश्नाचा माग काढता काढता मी इल्या मेचनिकॉफपर्यंत पोचलो.

मेचनिकॉफ १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या खारकिव्हजवळ जन्मले. विलक्षण बुद्धीचा, पण तितकाच हळवा माणूस. पहिली पत्नी ल्युदमिला क्षयाने इतकी खंगलेली, की लग्नाला तिला खुर्चीत बसवून न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली, तेव्हा त्यांनी अफू घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. मात्रा एवढी जास्त झाली, की उलटी होऊन ते वाचले.

पुढे १८८२ मध्ये ते सिसिली बेटावर मेस्सिना गावी राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली होती आणि हे सूक्ष्मदर्शकाशी. तारामाशाची पारदर्शक पिल्ले पाहता पाहता त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे तोडून त्यांच्या अंगात टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर पसरवतात, असे तेव्हा पुष्कळ वैद्य मानत. त्या जंतूंना गिळतात आणि सूज हीच त्यांची लढाई, हे मेचनिकॉफनी ठासून मांडले. टीका खूप झाली. पण १९०८ मध्ये पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिकही मिळाले.

त्यांचा आपल्याशीही एक धागा आहे. प्लेगच्या काळात मुंबईत लस तयार करणारे हाफकिन हे ओडेसात त्यांचेच विद्यार्थी. परळची हाफकिन संस्था आपल्याला ठाऊक आहेच.

उतारवयात मेचनिकॉफ आतड्याकडे वळले. तिथले घातक जंतू म्हातारपण आणतात, असे मानून ते रोज आंबवलेले दूध पीत. १९१६ मध्ये ७१व्या वर्षी पॅरिसमध्ये ते वारले. दह्याने आयुष्य वाढते हे काही सिद्ध झाले नाही. पेशींची गोष्ट मात्र खरी ठरली, आणि तिची दुसरी बाजूही पुढे उलगडली.

आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते आणि काही दिवसांत नवे होते. त्यामागे शरीरातला सर्वांत मोठा पहारा असतो. हे पहारेकरी टीएनएफ नावाचे प्रथिन सोडतात. ते प्रमाणाबाहेर गेले, की अस्तराच्या पेशी मरू लागतात. भिंतीला भगदाडे पडतात, जंतू आत शिरतात, ते पाहून आणखी पहारेकरी धावतात. असे हे दुष्टचक्र. गंमत अशी, की मेलेल्या पेशी उचलणारे आणि भांडण शमवणारे निरोप धाडणारेही याच फौजेत असतात.

बँकेत असताना दारातल्या बंदूकधारी पहारेकऱ्यामुळे आम्ही निर्धास्त असायचो. पण त्याने आतच गोळी झाडली असती तर? म्हणून त्याला काढून टाकायचे नसते, शांत ठेवायचे असते. टीएनएफला आवरणारी औषधे १९९८ पासून आतड्याच्या सुजेवर वापरात आली, ती याच विचाराची. बदल्यात जंतुसंसर्गाचा धोका थोडा वाढतो, म्हणून डॉक्टरांचे लक्ष हवे.

परवा हे सारे भाच्याला सांगितले. आपलेच शरीर आपले वैरी झाले, हा त्याचा समज थोडा तरी निवळला असावा. औषधाची वेळ आता तो स्वतःहून पाळतो.