तुरीच्या ‘मर’ रोगाचे मूळ शोधणारे बटलर कोण होते?

तुरीचे उभे झाड अचानक का वाळते? याचा छडा लावला एडविन जॉन बटलर यांनी. जन्म १८७४, आयर्लंड. शिक्षण डॉक्टरकीचे, ओढ मात्र बुरशींकडे. १९०१ मध्ये ते भारतात आले; पुढे बिहारमधील पुसा संस्थेत त्यांनी काम केले. १९१० मध्ये त्यांनी मर रोगामागची फ्युजेरियम बुरशी नोंदवली. ती जमिनीत राहते, मुळांतून शिरते आणि झाडाचे पाणी तोडते. त्यामुळे पानांवरची फवारणी उपयोगी पडत नाही. १९४३ मध्ये बटलर यांचे निधन झाले.

त्याआधीच, १९३२ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्मा ही बुरशी जमिनीतील रोगकारक बुरशींवर जगते, हे दाखवले. आज पेरणीपूर्वी तुरीच्या बियाण्याला हीच मित्रबुरशी चोळतात.