रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप : दगड, शब्द आणि शाळा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही काही विद्यार्थ्यांसह भीमकुंडाकडे फिरावयास गेलो होतो. वाटेत रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीतून एका मुलाने एक काळा दगड उचलून आणिला. दगडात लहान लहान पोकळ्या होत्या. त्यांच्या कडांस हिरवट अस्तर होते आणि आत पांढरे स्फटिक चमकत होते. हा दगड विज्ञानाच्या गुरुजींस दाखवावा की इतिहासाच्या, असे त्याने आम्हांस विचारिले. त्याच आठवड्यात एक पालक भेटीस आले. त्यांचा मुलगा भाषेत हुशार आहे व प्रयोगशाळेतही रमतो. तेव्हा त्यास कलाशाखेत घालावे की विज्ञानशाखेत, ही त्यांची चिंता होती. दोन्ही प्रश्न वरवर निराळे दिसले, तरी मुळात एकच आहेत. त्यांचे उत्तर आम्ही आमच्या पदरचे न देता एका थोर पुरुषाच्या चरित्रातून देण्याचे योजिले आहे.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव वऱ्हाडात ठाऊक नाही असे सुशिक्षित घर क्वचितच सापडेल. परंतु ते नाव ज्यांचे, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप कोण होते, हे विचारले असता पुष्कळांस उत्तर देता येत नाही. ते धर्मोपदेशक होते, शिक्षक होते, भूगर्भशास्त्राचे अभ्यासक होते, आणि गोंड व कोरकू इत्यादी आदिवासी लोकांच्या भाषांचे व चालीरीतींचे संशोधकही होते. एका मनुष्याने इतके विषय हाती धरिले म्हणजे एकही धड होत नाही, असा आपला सर्वसाधारण समज आहे. हिस्लॉप यांच्या बाबतीत तो किती खरा ठरतो, हे आता पाहू.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडातील डन्स या लहानशा गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. १८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले, तेव्हा तरुण हिस्लॉप त्या नव्या मंडळीस मिळाले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस ते पत्नीसह हिंदुस्थानास येण्यास निघाले, आणि १८४५ च्या फेब्रुवारी महिन्यात नागपूर प्रांती पोहोचले. त्या वेळी नागपुरास तिसरे रघूजी भोसले यांचे राज्य होते. जवळच कामठी येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती व तीत मद्रासेकडील पलटणी असत. त्यामुळे मराठी, हिंदी, गोंडी, तेलुगू व तमिळ अशा पाच भाषा त्या एका टापूत कानी पडत. भाषेची आवड असणाऱ्यास याहून उत्तम शाळा कोणती मिळणार!

हिस्लॉप यांनी प्रथम मराठी भाषा आत्मसात केली. १८४६ साली त्यांनी नागपूर शहरात इंग्रजी शिक्षणाची शाळा उघडली, आणि १८८३ साली याच शाळेच्या मुळावर कॉलेज उभे राहिले. हे पाहण्यास ते स्वतः मात्र हयात नव्हते. १८४७ साली त्यांचे सहकारी रेव्हरंड रॉबर्ट हंटर नागपुरास आले. शाळेचे तास, रविवारची उपासना व खेड्यापाड्यांतील फेऱ्या हा दोघांचाही नित्यक्रम असे. संशोधनासाठी निराळा वेळ त्यांस कोणी दिला नव्हता. खेड्यांच्या वाटेवर जे पायांखाली येई व जे कानी पडे, तेच त्यांच्या संशोधनाचे साहित्य होय.

१८५१ साली नागपूरजवळच्या टाकळी गावाच्या शिवारात या दोघांस दगड झालेले जीवावशेष आढळले. आज ज्यांस आपण जीवाश्म म्हणतो, तेच हे. गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, झाडांची फळे व बिया, इतकेच नव्हे तर लहान कीटकांचे पंखही त्या थरात दगडरूपाने टिकून राहिले होते. हे शंख एवढे महत्त्वाचे का, हे चिखलदऱ्याच्या विद्यार्थ्यांस सहज समजावे; कारण आपण ज्या गाविलगड डोंगरावर राहतो, तो त्याच काळ्या दगडाचा आहे. हा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हारस. तो एकाच वेळी वाहून आला नाही. एक लोट येऊन थिजे, मग बराच काळ शांततेचा जाई. त्या काळात खोलगट जागी पाणी साचून तळी होत, तळ्यांत गोगलगायी वाढत, काठी झाडे येत. पुढे दुसरा लोट येऊन सर्व काही झाकून टाकी. टाकळीचा थर म्हणजे दोन लोटांमधील अशा एका तळ्याचा तळ होता. आपल्या पॉइंटांवरून समोरच्या कड्याकडे पाहिले असता ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या अशाच एकावर एक पसरलेल्या लोटांच्या होत.

तेथून पुढे हिस्लॉप व हंटर यांनी नागपूरच्या आसमंतातील जमीन थराथराने अभ्यासिली. कामठीजवळच्या सिलेवाडा येथील वालुकाश्माच्या खाणींत त्यांस प्राचीन वनस्पतींच्या पानांचे ठसे मिळाले. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. लंडनचे प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी ती तपासून त्या प्राण्यास ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. १८५५ साली या दोघांचा नागपूरच्या भूगर्भरचनेवरील विस्तृत निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला, व १८६० साली लाव्हाच्या थरांमधील जीवाश्मांविषयी हिस्लॉप यांचा दुसरा निबंध निघाला. त्यांत शंखांचे वर्णन त्यांनी स्वतः केले. पण कीटकांचे काम अँड्र्यू मरे या तज्ज्ञांकडे सोपविले, आणि वनस्पतींचे ठसे चार्ल्स बनबरी यांनी तपासले. जे आपणांस नीट येते ते आपण करावे, जे येत नाही ते जाणत्याच्या हाती द्यावे, हा विवेक त्यांच्या ठायी होता. बहुविध अभ्यास करणाऱ्यास या विवेकावाचून गत्यंतर नाही. टाकळीच्या दगडांत सापडणाऱ्या हिरव्या रंगाच्या एका खनिजास १८५९ साली हिस्लोपाइट असे नाव देण्यात आले, ते त्यांच्याच सन्मानार्थ.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असे मात्र नाही, आणि हे विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. टाकळीचा थर त्यांनी खऱ्या वयाहून अलीकडचा मानिला. आता तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा ठरला आहे. कामठीकडील वालुकाश्म त्यांच्या मते जुरासिक काळातील होता. तो त्याहूनही फार प्राचीन, पर्मियन काळातील निघाला. परंतु नमुना कोठे, कोणत्या थरात मिळाला, त्याच्या वर काय होते व खाली काय होते, हे त्यांनी इतक्या काळजीने लिहून ठेविले होते की मागाहून आलेल्यांस चूक दुरुस्त करिता आली. अनुमान चुकले तरी नोंद खरी असेल, तर श्रम वाया जात नाहीत.

आता त्यांच्या दुसऱ्या कार्याकडे वळू. खेड्यांत फिरताना हिस्लॉप यांची गोंड लोकांशी ओळख झाली. नागपूर शहर वसविणारा राजा बख्त बुलंद हा गोंडच होता. तरीही त्याच्या ज्ञातीची भाषा व परंपरा फारशी कोणी कागदावर उतरविली नव्हती. हिस्लॉप यांनी निरनिराळ्या जमातींचे शब्द एकाशेजारी एक लिहून तक्ते तयार केले. त्यांत गोंडीच्या पोटभाषा होत्या, कोलामी होती, आणि आपल्या मेळघाटाशी नाते सांगणारी कोरकूही होती. अशा तक्त्याचा उपयोग काय, हे एका उदाहरणावरून कळेल. गोंडीत तीनास मुंड व चारास नालुंग म्हणतात. तेलुगूत मूडू व नालुगु म्हणतात. कोरकूत मात्र तीनास आपाई व चारास उपुन असे शब्द आहेत, आणि ते दूर पूर्वेकडील संथाळीच्या पे व पोन यांस जुळतात. गोंड व कोरकू एकाच डोंगरात शेजारी राहतात, एकाच बाजारास येतात. पण एकाची भाषा दक्षिणेकडच्या द्राविडी कुळातील, तर दुसऱ्याची मुंडा कुळातील. दोन डोंगरांमधील थर ताडून पाहावे तसेच हे दोन भाषांमधील शब्द ताडून पाहणे होय. दृष्टी तीच, वस्तू मात्र निराळी.

गोंडांचे पिढीजात गायक जे परधान, त्यांच्या मुखातून हिस्लॉप यांनी लिंगो या पुण्यपुरुषाची कथा सांगणारे शेकडो ओळींचे गीत मूळ गोंडीत लिहून घेतले व त्याचा शब्दशः अर्थही मांडिला. गोंडांची उत्पत्ती, त्यांचे गुहेत कोंडले जाणे, लिंगोने केलेली सुटका व त्यांची कुळे हे सारे त्या गीतात आहे. येथे एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. हे गीत पिढ्यान्‌पिढ्या जपले ते त्या गायकांनी. लिहिणारा मोठा खरा, पण ज्यांनी कागदावाचून ते कंठात वागविले, त्यांचे ऋण त्याहून मोठे आहे.

१८५३ च्या डिसेंबरात रघूजी भोसले निवर्तले व पुढील वर्षी त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि १८६२ साली सर रिचर्ड टेंपल तेथे मुख्य अधिकारी म्हणून आले. हिस्लॉप यांच्या ज्ञानाची त्यांस मोठी कदर होती. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे जमिनीवर मोठमोठे दगड वर्तुळाकार मांडलेले आढळतात. ही प्राचीन लोकांची स्मारके कोणाची व केव्हाची, हा प्रश्न हिस्लॉप यांच्या मनात घोळत होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल यांच्या मंडळीसह ते ती वर्तुळे पाहण्यास गेले. काम आटोपल्यावर मंडळी पुढे तळाकडे निघाली. हिस्लॉप मात्र जवळच्या बोरी गावची शाळा तपासण्यासाठी मागे राहिले. पुढे ते घोड्यावरून एकटेच निघाले. दिवसा जो प्रवाह सहज ओलांडता आला होता, तो अंधार पडेतो पावसाने दुथडी भरला होता. रात्री तळावर त्यांचा घोडा परत आला; पाठीवर स्वार नव्हता. शोध करिता त्यांचा देह पाण्यात सापडला. वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी व्हावयास अवघे चार दिवस उरले होते.

त्यांच्या त्या अखेरच्या दिवसाचा विचार मनात आला म्हणजे आम्हांस फार वाटते. सकाळी प्राचीन स्मारकांचा शोध, सायंकाळी खेड्यातील मुलांची परीक्षा! त्यांच्या आयुष्याचे सारे सार या एका दिवसात आले आहे. खेड्यातील मुलांस ते तपासणीस जाणार होते; विद्येच्या नावाखाली त्यांनी ते काम टाळले नाही, आणि त्या कामाच्या नावाखाली विद्याही टाळली नाही.

आदिवासी जमातींविषयीचे त्यांचे लेखन अपुरे व विस्कळीत कागदांच्या रूपाने मागे राहिले. टेंपल यांनी ते कागद जमवून, लावून, १८६६ साली नागपुरास ग्रंथरूपाने छापविले. टाकळघाटचा प्रश्नही तेथेच संपला नाही. एक शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९६८-६९ साली, नागपूर विद्यापीठाचे प्राध्यापक शां. भा. देव यांनी टाकळघाट व खापा येथे शास्त्रीय उत्खनन केले. त्यात लोखंडी हत्यारे मिळाली, आणि ही वर्तुळे अडीच हजार वर्षांहून जुन्या लोकांची असल्याचे दिसून आले. एकाने विचारलेला प्रश्न दुसऱ्याने सोडविला. मध्ये शंभर वर्षे गेली, इतकेच.

आता आरंभीच्या दोन प्रश्नांकडे येऊ. त्या मुलास आम्ही सांगितले की, दगड दोन्ही गुरुजींस दाखव; आणि त्याआधी तो कोठे, कोणत्या दिवशी मिळाला, हे चिठीवर लिहून त्यास चिकटव. पालकांस आमचे सांगणे असे की, परीक्षेसाठी एक शाखा घ्यावीच लागेल, ती खुशाल घ्यावी. कारण एका विद्येत पाय रोवल्यावाचून दुसरीत नीट उभे राहता येत नाही. परंतु घेतलेल्या शाखेच्या नावाने मुलाचे दुसरे दार मात्र लावून टाकू नये. हिस्लॉप यांनी हातोडा व लेखणी ही दोन्ही एकाच पिशवीत बाळगिली, व एकीच्या वजनाने दुसरीस दडपले नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस तर यासाठी नागपुरासही जावयास नको. तुमच्या वर्गात कोरकू मुले आहेत. त्यांच्या आजीस जी गाणी येतात ती तिच्या परवानगीने, तिचे नाव घालून, वहीत उतरवून घ्या. व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातील दगड, झाड वा पीस हलवू नका. जागच्या जागी पाहा, चित्र काढा, नोंद ठेवा. तुमचे अनुमान कदाचित चुकेल. नोंद खरी असू द्या, म्हणजे शंभर वर्षांनी कोणीतरी ती वाचून पुढचे पाऊल टाकील.