बंदूक, कडं आणि कॅमेरा : चिखलातले पक्षी ओळखायला शिकवणारे सलीम अली

हिवाळ्यात भिगवणला, उरणला किंवा ठाण्याच्या खाडीवर गेलात, तर लांब लेन्स लावून बसलेली मंडळी हमखास दिसतात. रोहित पक्ष्यांचे फोटो सगळेच काढतात. खरी पंचाईत होते ती त्यांच्या पायाशी चिखलात पळणाऱ्या मातकट रंगाच्या छोट्या पक्ष्यांची. हे तुतवार. दुरून सगळे सारखेच.

पण थोडं थांबून बघितलं की फरक दिसतो. शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवत काठाने एकटाच फिरतो तो साधा तुतवार. तो उडाला की पंखावर पांढरा पट्टा दिसतो, पण कमरेवर पांढरं नसतं. हिरवा तुतवार आणि ठिपकेवाला तुतवार या दोघांची कंबर पांढरी असते. त्यातही हिरव्याच्या पंखांची खालची बाजू काळपट असते, तर ठिपकेवाल्याची फिकट. आता हे सगळं दोन सेकंदांत, पक्षी उडून जाताना बघायचं.

शंभर वर्षांपूर्वी या अडचणीवर सरळ उपाय होता, पक्षी गोळी घालून पाडायचा आणि हातात घेऊन मोजायचा. ज्या माणसामुळे आपण आज दुर्बीण लावून लांबूनच नाव सांगू शकतो, त्याने सुरुवात अशीच केली होती.

छर्‍याची बंदूक आणि एक चिमणी

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतल्या खेतवाडीचा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी मुलांना वाढवलं. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये गेला आणि तिथे सचिव मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत येते, त्यामुळे इथे लांबवत नाही.

त्यापुढची वर्षं मात्र फारशी कुणी सांगत नाही. १९१४ मध्ये ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर गेले. तिथे धंद्यापेक्षा पक्षीच जास्त पाहिले. परत आले, १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पदवी हातात नव्हती, त्यामुळे प्राणिशास्त्राची सरकारी नोकरी मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगणाऱ्या गाइडची जागा मिळाली.

दोन वर्षांत त्यांना जाणवलं की आपलं शिक्षण कमी पडतंय. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकले. त्याच काळात उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर त्यांनी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम पाहिलं आणि केलं. पकडलेल्या पक्ष्याच्या पायात नंबर आणि पत्ता कोरलेलं हलकं कडं घालायचं आणि त्याला सोडून द्यायचं. पुन्हा कुठे सापडला, की त्याचा प्रवास कळतो.

१९३० मध्ये परत आले, तर पैशाअभावी म्युझियममधली जागाच गेलेली. नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास तिच्यासमोर बसले आणि नर एक घरटं मादीने पसंत केलं की दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी नोंदवलं. बेकारीच्या त्या महिन्यांतून त्यांचा पहिला मोठा अभ्यास निघाला.

पुढे हैदराबादपासून सुरुवात करून त्यांनी एकेका संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अली बहिणीच्या घरी राहायला गेले.

पुस्तक आणि सिंगापूरचा मित्र

१९४१ मध्ये त्यांचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं. युक्ती साधी होती. पक्षी किती इंचांचा ते सांगण्याऐवजी तो चिमणीएवढा, बुलबुलएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा, हे सांगायचं. सोबत रंगीत चित्र आणि कुठे, कसा वावरतो याची माहिती. बंदूक न उचलता पक्षी ओळखणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं.

कॅमेरा त्यांच्या आयुष्यात आला तो लोक वान थो या मित्रामुळे. सिंगापूरचा हा श्रीमंत तरुण १९४२ मध्ये जपानी हल्ल्यातून पळत असताना त्याच्या जहाजावर बॉम्ब पडले. तो भाजला, काही काळ दृष्टीही गेली. तिथून तो भारतात पोचला आणि सलीम अलींशी मैत्री झाली. दोघे पक्ष्यांमागे हिंडू लागले. लोक वान थो यांच्या पक्ष्यांच्या फोटोंचं पुस्तक १९५७ मध्ये निघालं. सलीम अलींच्या कामाला त्यांनी पैसाही पुरवला.

स्वतः सलीम अली मात्र फोटोवर पूर्ण विसंबले नाहीत. अभ्यासासाठी नमुने गोळा करावेच लागतात, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. आज अनेकांना हे खटकतं, पण पक्ष्यांच्या जाती-उपजातींचं आपलं ज्ञान त्या कपाटांतल्या नमुन्यांवरच उभं आहे.

मीरशिकारांची जाळी

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा भागात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसंही आजारी पडली. विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. स्थलांतर करणारे पक्षी गोचिडांमार्फत तो आणत असतील का, हा प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घालायला सुरुवात केली. हेल्गोलँडचा धडा तीस वर्षांनी कामी आला.

पण चिखलातला तुतवार पकडायचा कसा? तो माणसाला जवळ येऊ देत नाही. इथे बिहारचे मीरशिकार उपयोगी पडले. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणारे हे लोक. आवाज काढून पक्षी बोलावणं, फास लावणं, कुठे जाळं टाकायचं, हे त्यांना अंगवळणी पडलेलं. त्यांनी पकडलेला पक्षी आता बाजारात जाण्याऐवजी कडं घालून सोडला जाऊ लागला. माझ्या मते या कथेत सर्वांत कमी श्रेय मिळालेली माणसं हीच.

पुढे या कामाला अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या प्रकल्पाचा निधी मिळाला आणि जंतुयुद्धाची तयारी चालली आहे, असा गदारोळ झाला. आरोपातून काही निष्पन्न झालं नाही, पण म्हातारपणी सलीम अलींना खुलासे देत बसावं लागलं.

भरतपूर

कडी घालण्याचं मोठं केंद्र होतं राजस्थानातलं भरतपूर. महाराजांची ही शिकारीची जागा. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. त्याच दिवशी सलीम अलींना ४२ वर्षं पूर्ण झाली होती.

स्वातंत्र्यानंतर हे तळं कोरडं करून शेती करायची मागणी झाली, तेव्हा ते वाचवण्यात सलीम अलींचा मोठा हात होता. १९८१ मध्ये भरतपूर रामसर यादीत गेलं, पुढे राष्ट्रीय उद्यान झालं. मग १९८२ मध्ये तिथली म्हशींची चराई बंद झाली. सलीम अली आणि बीएनएचएस या बंदीच्या बाजूने होते. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

बीएनएचएसनेच १९८० ते १९९० अशी दहा वर्षं तिथे अभ्यास केला. निष्कर्ष उलटा आला. म्हशी जे गवत खात होत्या, ते आता पाण्यावर माजलं होतं. उघडं पाणी आणि उघडा चिखल कमी झाला, म्हणजे पाणपक्ष्यांची जागाच आक्रसली. पुढे गवत कापून नेण्यासाठी गावकऱ्यांनाच परवाने द्यावे लागले. तो अंतिम निष्कर्ष बघायला सलीम अली नव्हते. १९८७ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते वारले.

बीएनएचएस आजही तुतवारांच्या पायात कडी घालते. सोबत रंगीत प्लास्टिकची छोटी पट्टीही असते, तिच्यावर अक्षरं असतात. ती वाचायला पक्षी पुन्हा पकडावा लागत नाही. त्यामुळे खाडीवर काढलेला फोटो घरी मोठा करून बघताना पायाकडेही लक्ष द्या. पट्टी दिसली तर तिचा रंग, अक्षरं, जागा आणि तारीख बीएनएचएसला कळवता येते.