केशवराव जेधे : वारशाने आलेल्या बाजूच्या पलीकडे



चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपण या पाठात केशवराव मारुतीराव जेधे (१८९६–१९५९) यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत. केशवराव पुण्याचे. तुमच्यापैकी अनेकजण मात्र कर्जत, नेरळ, खोपोली, चौक अशा घाटाच्या पायथ्याच्या गावांतून शिकत आहात. तेव्हा पुण्याच्या पुढाऱ्याचे चरित्र आपल्यासाठी का निवडले, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

त्याची दोन कारणे आहेत. कर्जत आणि खालापूर हे तालुके ज्या जिल्ह्यात आहेत, तो आजचा रायगड म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा. या जिल्ह्याने शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. त्या पक्षाच्या संस्थापकांपैकी केशवराव एक होते. दुसरे कारण तुमच्या अनुभवाशी निगडित आहे. आपल्या खेड्यापाड्यांत अनेक घरांचा पक्ष ठरलेला असतो. आजोबांनी ज्या चिन्हावर शिक्का मारला, त्याच चिन्हावर नातवाने मारावा, अशी अपेक्षा असते. नातवाने वेगळा विचार केला, तर तो घरभेदीपणा समजला जातो. तुम्ही प्रौढ आहात, अनेकदा मतदान केलेले आहे. घरातून आलेल्या राजकीय मताची नव्याने तपासणी करणे किती अवघड असते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. केशवरावांनी ही तपासणी केली, आणि तीही सर्वांच्या डोळ्यांदेखत.

घर आणि वारसा

केशवरावांचा जन्म १८९६ मध्ये पुण्यात झाला. त्यांचे घराणे शिवकाळातील कारीच्या कान्होजी जेधे यांच्याशी नाते सांगणारे. पुण्यात या कुटुंबाचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय होता व त्यात चांगला जम बसलेला होता. शुक्रवार पेठेतील त्यांचे घर ‘जेधे मॅन्शन’ या नावाने प्रसिद्ध झाले. थोरले बंधू बाबुराव जेधे सत्यशोधक चळवळीत होते आणि कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींशी त्यांचा निकटचा संबंध होता.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेला सत्यशोधक समाज, शाहू महाराजांचे वेदोक्त प्रकरण आणि त्यातून वाढलेली ब्राह्मणेतर चळवळ या गोष्टी तुम्ही आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात वाचल्या असतील. केशवरावांना त्या पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत. ज्या घरात ते वाढले, त्या घराची ती रोजची भाषा होती. शिक्षण, नोकऱ्या, वृत्तपत्रे आणि सार्वजनिक संस्था एका जातीच्या हाती एकवटल्या आहेत आणि शेतकरी-कारागिरांच्या वाट्याला अपमान येतो, ही त्या घराची धारणा होती. या धारणेत सत्याचा मोठा अंश होता, हे आपण आरंभीच लक्षात घेतले पाहिजे. केशवरावांना मिळालेला वारसा खोटा नव्हता. तो अपुरा होता.

तरुणपण : पक्ष आणि प्रतिपक्ष

१९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या. ब्राह्मणेतर पक्ष आता निवडणुकीच्या राजकारणात उतरला. पुण्यात याच संघर्षाला सांस्कृतिक रूप आले. गणेशोत्सवातील मेळ्यांना उत्तर म्हणून छत्रपती मेळा निघाला. त्यामागे केशवराव व त्यांचे तरुण सहकारी होते. या मेळ्यातील पदांनी बहुजन तरुणांना आत्मविश्वास दिला, तसेच शहरातील कटुताही वाढवली.

१९२४ मध्ये पुण्याच्या मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसविण्यात आला. पुढच्याच वर्षी नगरपालिकेत निवडून आलेल्या केशवरावांनी महात्मा फुले यांचा पुतळा उभारण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. ज्या शहरात फुल्यांनी मुलींची शाळा काढली, त्या शहराने त्यांच्या स्मारकाला नकार द्यावा, याचा तरुण केशवरावांवर काय परिणाम झाला असेल, याची तुम्ही कल्पना करू शकता.

त्याच वर्षी दिनकरराव जवळकर यांचे ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघाले. टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर त्यात अतिशय जहाल टीका होती. केशवराव त्याचे प्रकाशक होते. खटला झाला, खालच्या न्यायालयात शिक्षा झाली. १९२६ मध्ये अपिलात मात्र आरोपी सुटले. अपिलात त्यांची बाजू मांडणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या वेळी केशवरावांचे वय तिशीचे होते आणि त्यांचे जग दोन बाजूंत स्पष्टपणे विभागलेले होते.

महाडची कसोटी

या विभागणीची पहिली मोठी कसोटी याच जिल्ह्यात, महाड येथे लागली. मार्च १९२७ मध्ये आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला आणि पुढील सत्याग्रहाची तयारी सुरू झाली. जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला. परंतु त्याला दोन अटी होत्या : सत्याग्रह अहिंसक असावा आणि त्यात ब्राह्मणांना स्थान नसावे.

दुसरी अट आंबेडकरांनी मान्य केली नाही. त्यांचा विरोध जन्माने ब्राह्मण असणाऱ्या माणसांना नव्हता. उच्चनीचता मानणाऱ्या वृत्तीला होता, मग ती वृत्ती कोणत्याही जातीत असो. डिसेंबरमध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा त्या ठरावाशी गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याचे नाव जोडले गेले.

या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या वकिलाने वर्षभरापूर्वी केशवरावांना न्यायालयात सोडविले, त्यानेच त्यांच्या राजकारणाची मर्यादा दाखवून दिली. प्रतिपक्षाच्या टीकेकडे दुर्लक्ष करणे सोपे असते. जो आपल्याहून अधिक अन्याय सोसून उभा आहे, त्याचा नकार सहजासहजी विसरता येत नाही. या एका नकारामुळे केशवराव बदलले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि जन्मावरून बाजू ठरवावी की वर्तनावरून, हा प्रश्न महाडने त्यांच्यापुढे ठेवला आणि पुढील तीन वर्षांत त्यांची वाट बदलली, एवढे निश्चित.

१९३० चे वळण

ही वाट बदलण्यास इतरही कारणे होती. कायदेमंडळात गेलेले ब्राह्मणेतर पुढारी मंत्रिपदे व सरकारी कृपा यांत रमले, असे तरुणांना वाटू लागले. १९२८ मध्ये बार्डोलीच्या शेतकऱ्यांनी सारावाढीविरुद्ध यशस्वी लढा दिला आणि तो काँग्रेसच्या नेतृत्वाखाली दिला. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हिताची भाषा बोलणाऱ्या पक्षाने परक्या सरकारच्या आश्रयाने राहावे, ही विसंगती आता झाकली जाईना. शिवाय गांधीजींच्या काळातील काँग्रेस ही टिळकांच्या काळातील पुण्याची काँग्रेस राहिली नव्हती.

१९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत केशवराव काँग्रेसकडे आले आणि पुढे त्यांनी तुरुंगवासही सोसला. या वळणावर त्यांना साथ लाभली ती नरहर विष्णू तथा काकासाहेब गाडगीळ यांची. दोघांचे जन्मवर्ष एकच, १८९६. दोघांची कर्मभूमी पुणे. एक सत्यशोधक घराण्यातील मराठा, दुसरा ब्राह्मण वकील. जेधे-गाडगीळ ही जोडी पुढे महाराष्ट्रात प्रसिद्ध झाली आणि १९३४ च्या निवडणुकीनंतर दोघेही मध्यवर्ती कायदेमंडळात होते. दशकाच्या अखेरीस केशवराव प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

या निर्णयाची किंमत होती. भास्करराव जाधवांसारखे ज्येष्ठ ब्राह्मणेतर नेते या वाटेने गेले नाहीत. जुन्या सहकाऱ्यांच्या दृष्टीने केशवराव प्रतिपक्षाच्या गोटात शिरले होते. काँग्रेसमधील काहींना त्यांचे पूर्वीचे मेळे व पुस्तके आठवत होती. एक घर सोडल्यावर दुसऱ्या घरात लगेच विश्वासाची जागा मिळते, असे नाही.

परंतु या वळणाचा परिणाम दूरवर झाला. काँग्रेस महाराष्ट्राच्या खेड्यांत पोहोचली. १९४२ मध्ये माथेरानचे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील यांनी तुमच्या परिसरातील डोंगरांत आझाद दस्ता उभा केला, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य पत्करले. स्वातंत्र्याचा लढा शहरातील सुशिक्षितांपुरता राहिलेला नाही, याचा याहून ठळक पुरावा शोधावा लागत नाही. जेधे आणि त्यांच्या पिढीने हा पालट घडविण्यास हातभार लावला होता.

पुन्हा बाहेर, पुन्हा आत

केशवरावांचा प्रवास येथे संपला असता, तर त्यांचे चरित्र सोपे झाले असते. तसे झाले नाही. स्वातंत्र्य जवळ येताच काँग्रेसमध्ये शेतकरी व कामगारांना दुय्यम स्थान मिळते, असे त्यांना व शंकरराव मोरे प्रभृतींना वाटू लागले. १९४७ मध्ये पक्षांतर्गत शेतकरी कामगार संघ स्थापन झाला आणि १९४८ मध्ये शेतकरी कामगार पक्ष स्वतंत्रपणे उभा राहिला. १९५० मध्ये दाभाडी येथे या पक्षाने मार्क्सवादी भूमिका स्वीकारली. १९५२ च्या निवडणुकीत पक्षाला अपेक्षित यश आले नाही आणि १९५४ मध्ये केशवराव पुन्हा काँग्रेसमध्ये परतले.

येथे चिकित्सक वाचकाने थांबले पाहिजे. वारंवार पक्ष बदलणे म्हणजे पक्षनिष्ठेच्या पलीकडे जाणे नव्हे. केशवरावांच्या या येरझाऱ्यांत निवडणुकीचा हिशेब नव्हताच, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्यांचे मूल्यमापन करताना आपण एक वेगळा प्रश्न विचारावा : पक्ष बदलला, तेव्हा काय बदलले नाही? शेतकऱ्याला प्रतिष्ठा व वाटा मिळाला पाहिजे, हा आग्रह त्यांनी छत्रपती मेळ्यात धरला, काँग्रेसमध्ये धरला आणि शेकापमध्येही धरला. सुटला तो जन्माने ठरलेला शत्रू. फुल्यांचा प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत सोबत ठेवला. त्या प्रश्नाला तरुणपणी दिलेले उत्तर मात्र त्यांनी मागे टाकले.

समितीची सभा

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात एक सभा भरली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी सर्व पक्षांनी एकत्र यावे, हा तिचा हेतू. या सभेत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. सभेचे अध्यक्ष होते केशवराव जेधे. समितीचे अध्यक्षपद श्रीपाद अमृत डांगे यांच्याकडे आणि सचिवपद एस. एम. जोशी यांच्याकडे गेले. दोघेही ब्राह्मण, एक साम्यवादी व एक समाजवादी. केशवरावांनी दोन वर्षांपूर्वी सोडलेला शेकाप समितीत होता, आंबेडकरांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होता. तीस वर्षांपूर्वी टिळकांवरील जहाल पुस्तक प्रकाशित करणारा माणूस टिळकांच्या नावाच्या वास्तूत या सर्वांच्या सभेचे अध्यक्षपद भूषवीत होता आणि कोणालाही ते विपरीत वाटले नाही.

त्याच वर्षी, मुंबईच्या प्रश्नावर, तुमच्याच कुलाबा मतदारसंघाचे खासदार चिंतामणराव देशमुख यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५७ मध्ये कुलाब्यातून शेकापचा उमेदवार लोकसभेवर गेला; केशवराव बारामतीतून निवडून आले. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. अवघ्या साडेपाच महिन्यांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. ते पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

विचार करा

य. दि. फडके यांच्यासारख्या इतिहासकाराने केशवरावांचे चरित्र लिहिले, ते त्यांना निर्दोष ठरविण्यासाठी नव्हे. चरित्राचा अभ्यासक या नात्याने तुम्हीही तसे करू नये. या पाठातून एवढे मात्र घ्यावे की, घरातून आलेल्या मतांत सहसा दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात : एक खरे दुःख आणि एक ठरवून दिलेला शत्रू. दोन्ही एकाच गाठोड्यात मिळतात, म्हणून ती एकच वाटतात. केशवरावांना ती वेगळी करायला आयुष्याचा मोठा भाग खर्चावा लागला, आणि ते काम त्यांनी वाडवडिलांचा अपमान न करता केले.

आता तुमच्या घराचा किंवा गावाचा विचार करा. आपल्या घराचा जो पक्ष आहे, तो कोणत्या दुःखातून स्वीकारला गेला, हे वडीलधाऱ्यांना विचारा. ते दुःख आज कोणत्या रूपात शिल्लक आहे आणि त्या वेळी ठरलेला शत्रू आजही शत्रू आहे काय, याविषयी सुमारे दोनशे शब्दांत टिपण लिहा. टिपणात कोणत्याही पक्षाची भलामण वा निंदा करू नये.