अदृश्य किरणांचा हिशेबनीस : रॉल्फ सिव्हर्ट

मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्रात दुर्घटना घडली आणि ‘मिलिसिव्हर्ट’ हा शब्द जगभरच्या वृत्तपत्रांतून रोज छापला जाऊ लागला. रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञांना आणि किरणोत्सारी पदार्थ हाताळणाऱ्या संशोधकांना तो त्याआधीपासूनच परिचित होता. किरणोत्सर्गाचा शरीरावर होणारा परिणाम ज्या एककात मोजतात, त्याला रॉल्फ मॅक्सिमिलियन सिव्हर्ट या स्वीडिश शास्त्रज्ञाचे नाव आहे. जो धोका डोळ्यांना दिसत नाही आणि त्वचेला जाणवत नाही, त्याचा हिशेब ठेवायला जगाला ज्या मोजक्या मंडळींनी शिकवले, त्यांत सिव्हर्ट यांचे स्थान फार वरचे आहे.

सिव्हर्ट यांचा जन्म ६ मे १८९६ रोजी स्टॉकहोम येथे झाला. वडील मॅक्स सिव्हर्ट हे मूळचे जर्मन. स्वीडनमध्ये येऊन त्यांनी उद्योग उभारला आणि सुंडबीबेरी येथील त्यांचा विजेच्या तारांचा कारखाना नावारूपाला आला. १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा रॉल्फ सतरा वर्षांचे होते. घरची सुबत्ता पाहता कारखानदारीचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी मात्र भौतिकशास्त्राची वाट धरली आणि शिक्षणानंतर ते स्टॉकहोमच्या ‘रेडियमहेमेट’ या कर्करोग रुग्णालयाकडे वळले. १९२४ मध्ये तेथील भौतिकी प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली.

तो काळ रेडियमच्या कौतुकाचा होता. रेडियमचे क्षार काचेच्या वा धातूच्या बारीक नळ्यांत कायमचे बंद करून त्या नळ्या कर्करोगाच्या गाठीजवळ ठेवल्या जात. त्यांतून निघणारे गॅमा किरण रोगट पेशी नष्ट करीत. परंतु रुग्णाला नेमकी किती मात्रा मिळते, हे सांगणे कठीण होते. त्वचा लाल झाली की मात्रा पुरेशी झाली, अशा ठोकताळ्यांवर उपचार चालत. नळ्या हाताळणारे डॉक्टर आणि परिचारिका यांच्या बोटांची त्वचा कोरडी पडे, तिला भेगा जात, जखमा चिघळत आणि काहींना पुढे कर्करोग होई. उपचार करणाऱ्यालाच रोग जडावा, असा हा दैवदुर्विलास होता.

बंदिस्त स्रोताचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घ्यावयास हवे. कुपी अभंग असेल, तर आतील द्रव्य बाहेर सांडत नाही. ते श्वासावाटे वा अन्नावाटे शरीरात जात नाही. गॅमा किरण मात्र कुपीची भिंत भेदून बाहेर येतात. म्हणजे धोका असतो तो बाहेरून होणाऱ्या माऱ्याचा, आणि त्याचे गणित मांडता येते. १९२१ मध्ये सिव्हर्ट यांनी नेमके हेच गणित मांडले. लांबट नळीतील रेडियमचे किरण आवरणातून तिरके जाताना किती क्षीण होतात आणि आसपासच्या प्रत्येक बिंदूवर त्यांची तीव्रता किती राहते, हे सांगणारे त्यांचे सूत्र ‘सिव्हर्ट संकलन’ म्हणून ओळखले जाते. पुढे अनेक दशके कर्करोगोपचाराची आखणी त्या आधारे होत राहिली.

या हिशेबाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लॅटिनममध्ये बंद केलेले एक मिलिग्रॅम रेडियम एक सेंटिमीटर अंतरावर ताशी सुमारे ८.२५ रोंटजेन इतका मारा करते. दहा मिलिग्रॅमची नळी बोटांत धरली, तर हा आकडा ऐंशीच्या पुढे जातो. तीच नळी वीस सेंटिमीटर लांबीच्या चिमट्याने उचलली, तर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मारा चारशे पटींनी घटतो आणि ताशी सुमारे ०.२ रोंटजेनवर येतो. साध्या चिमट्याने बोटे वाचतात, ती या नियमामुळे.

कागदावरचे गणित प्रत्यक्षाशी ताडून पाहण्यासाठी साधन हवे होते. सिव्हर्ट यांनी विद्युतभार साठवणारी अगदी छोटी आयनीभवन कुपी तयार केली. ती भारित करून हव्या त्या जागी ठेवायची आणि नंतर किती भार ओसरला ते पाहायचे. त्यावरून तेथील मात्रा कळे. ही कुपी ‘सिव्हर्ट चेंबर’ या नावाने प्रसिद्ध झाली. उपकरणे घेऊन सिव्हर्ट आणि त्यांचे सहकारी स्वीडनमधील रुग्णालये फिरले आणि तेथील यंत्रांची मोजणी केली.

१९२८ मध्ये स्टॉकहोम येथेच दुसरी आंतरराष्ट्रीय क्ष-किरणशास्त्र परिषद भरली. क्ष-किरण आणि रेडियम यांपासून संरक्षणासाठी तेथे जी समिती स्थापन झाली, तिच्या संस्थापक सदस्यांत बत्तीस वर्षांचे सिव्हर्ट होते. या समितीच्या आरंभीच्या शिफारशी आज काहीशा गमतीदार वाटतील : दिवसाला सातपेक्षा अधिक तास काम नको, आठवड्याचे पाचच दिवस काम, सुट्टी शक्यतो मोकळ्या हवेत घालवावी आणि वर्षाला किमान महिनाभर रजा घ्यावी. १९३४ मध्ये समितीने क्ष-किरणांसाठी दिवसाला ०.२ रोंटजेन ही मर्यादा सुचवली आणि १९३७ मध्ये ती रेडियमच्या गॅमा किरणांनाही लागू केली. स्वीडनने १९४१ मध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाचा कायदा केला. त्यानुसार तपासणीची जबाबदारी सिव्हर्ट यांच्या संस्थेकडे आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अण्वस्त्र चाचण्या सुरू झाल्या आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले. सिव्हर्ट यांचे लक्ष आता अल्प परंतु वारंवार मिळणाऱ्या मात्रांकडे वळले. मानवी शरीरातून मुळातच बाहेर पडणारे किरणही त्यांनी मोजले. १९५६ ते १९६२ या काळात ते आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाचे अध्यक्ष होते. किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. या समितीच्या पहिल्या पंधरा सदस्य राष्ट्रांत भारत होता. ३ ऑक्टोबर १९६६ रोजी सिव्हर्ट यांचे निधन झाले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९७९ मध्ये, वजने-मापांच्या जागतिक परिषदेने त्यांचे नाव एककाला दिले.

आज भारतात किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी वार्षिक २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात कमाल ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. सामान्य नागरिकांसाठी ती वार्षिक १ मिलिसिव्हर्ट आहे. बंदिस्त स्रोत वापरणाऱ्या प्रयोगशाळेने जोखीम ठरवताना विचारायचे प्रश्न मात्र बव्हंशी सिव्हर्ट यांच्या काळचेच आहेत. स्रोत किती शक्तीचा? माणूस त्याच्यापासून किती अंतरावर, किती वेळ? मध्ये शिसे किती? कुपीला गळती नाही, हे केव्हा तपासले? आणि सर्वांत साधा प्रश्न : स्रोत आज आहे कोठे?

हा शेवटचा प्रश्न विसरला, की काय होते, ते २०१० मध्ये दिल्लीने पाहिले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील कोबाल्ट-६० चे उपकरण १९८५ पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या बाजारात फोडले गेले. कोबाल्ट-६० ची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे त्या पंचवीस वर्षांत ती जवळपास सत्ताविसाव्या भागावर आली होती. तरीही एका कामगाराचा जीव गेला आणि अनेकांना किरणोत्सर्गाची गंभीर बाधा झाली. ज्यांना ही बाधा झाली, त्यांनी प्रयोगशाळेत कधी पाऊलही ठेवले नव्हते.

मायापुरीत जे चुकले, ते सूत्र वा यंत्र नव्हते; चुकली ती नोंदवही. स्रोत वापरात नसला, तरी त्याचे किरण थांबत नाहीत, आणि त्याचा हिशेब ठेवणाऱ्यालाही थांबता येत नाही. रेडियमच्या त्या बारीक नळ्यांपासून सिव्हर्ट यांनी आयुष्यभर हेच शिकवले.