शार्लट फोर्टेन

फिलाडेल्फिया हे अमेरिकेतील एक नामांकित शहर. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ साली याच शहरात संमत झाला. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे त्यात म्हटले होते. परंतु त्यावर सह्या करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या शेतांवर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे व त्यांची मुलेबाळे गुलाम म्हणून राबत होती.

या शहरात १७ ऑगस्ट १८३७ रोजी शार्लट फोर्टेनचा जन्म झाला. तिचे घराणे कृष्णवर्णीय असले तरी स्वतंत्र होते, आणि सधनही होते. तिचे आजोबा जेम्स फोर्टेन यांचा जहाजांची शिडे शिवण्याचा मोठा कारखाना होता. गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी आपला पैसा सढळ हाताने वेचला. घरातील वडीलधारी माणसे सारीच त्या चळवळीत होती.

शार्लट तीन वर्षांची असताना तिची आई वारली. आजी व आत्या यांच्या मायेखाली ती वाढली. शहरातील सार्वजनिक शाळांत कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्या मुलांच्या शेजारी बसू देत नसत. त्यांच्यासाठी निराळ्या शाळा असत आणि त्या हलक्या दर्जाच्या असत. शार्लटचे वडील रॉबर्ट फोर्टेन हे मोठे मानी गृहस्थ. तसल्या शाळेत मुलीला घालण्यापेक्षा त्यांनी तिच्यासाठी घरीच शिक्षक ठेवले. त्यामुळे तिला विद्या मिळाली; बरोबरीच्या मैत्रिणी मात्र लाभल्या नाहीत. पुढे ती सोळा वर्षांची असताना त्यांनी तिला दूर मॅसॅच्युसेट्स प्रांतातील सेलम या गावी शिकावयास पाठविले. तेथील शाळांतून वर्णभेद उठला होता. रेमंड नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबात तिची राहण्याची सोय झाली.

सेलमच्या हिगिन्सन शाळेत ती दाखल झाली. त्या शाळेत कृष्णवर्णीय अशी ती एकटीच होती. मुख्याध्यापिका मेरी शेपर्ड मनाने थोर होत्या. त्या शार्लटला पुस्तके देत, आपल्याबरोबर फिरावयास नेत. वर्गातील मुलीही गोड बोलत. परंतु वर्गात शेजारी बसून हसणारी मुलगी दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटली, की न पाहिल्यासारखे करून निघून जाई. बरोबरच्या गोऱ्या माणसांनी काही म्हणू नये, म्हणून ती ओळख बुजवी. मुलांनो, उघड शिवी एक वेळ सोसते. ही चोरटी अवहेलना सोसणे फार अवघड. घरापासून दूर असलेल्या त्या मुलीने हे दुःख सांगावे तरी कोणाला?

ती ते आपल्या वहीला सांगू लागली. २४ मे १८५४ रोजी तिने रोजनिशी लिहिण्यास आरंभ केला. दिवसाची हकीकत, भेटलेली माणसे, वाचलेली पुस्तके यांची नोंद ठेवावी आणि काही वर्षांनी ती चाळून आपल्या मनाची वाढ कितपत झाली हे आपणच पडताळावे, असा तिचा संकल्प होता. योगायोग असा, की त्याच दिवशी बोस्टन शहरात अँथनी बर्न्स नावाच्या पळून आलेल्या गुलामाला पकडण्यात आले. १८५० च्या कायद्याप्रमाणे अशा गुलामाला त्याच्या धन्याच्या हवाली करावे लागे. लोकांनी पुष्कळ विरोध केला; तरीही शिपायांच्या कडेकोट पहाऱ्यात बर्न्सला जहाजावर चढवून दक्षिणेकडे परत नेले. शार्लटच्या वहीची पहिली पाने या संतापाने भरली आहेत.

त्याच वर्षी जुलै महिन्यात तिने फिलिस व्हीटलीच्या कविता वाचल्या. फिलिस ही सातआठ वर्षांची असताना, १७६१ साली, आफ्रिकेतून गुलाम म्हणून बोस्टनला विकली गेली होती. तिच्या कवितांचे पुस्तक १७७३ साली लंडनमध्ये छापले गेले. आपल्याच वर्णाच्या एका मुलीने, तीही गुलामीत राहून, असे काव्य केले, हे वाचून शार्लटला केवढा आधार वाटला! कृष्णवर्णीयांना बुद्धीच नसते, असे त्या काळी पंडित म्हणविणारी माणसेही लिहीत असत. त्यांना उत्तर म्हणून फिलिसचे ते लहानसे पुस्तक पुरेसे होते.

पुढच्या वर्षी शार्लटने स्वतःही लेखणी उचलली. शाळेच्या निरोपसमारंभासाठी गीत निवडावयाचे होते. विद्यार्थिनींनी लिहिलेल्या गीतांतून तिचेच गीत पसंत झाले. हिगिन्सन शाळेनंतर ती सेलमच्या अध्यापक विद्यालयात गेली आणि १८५६ साली तेथील परीक्षा उत्तीर्ण झाली. त्या विद्यालयातील ती पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. लगेच सेलममध्येच एका शाळेत तिला शिक्षिकेची जागा मिळाली. तेथे तिच्यापुढे गोरी मुले बसत असत.

एवढ्याने तिचा आत्मविश्वास पक्का झाला असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. १८५७ साली ती फिलाडेल्फियाला आली असता आइस्क्रीमच्या दुकानांत तिला व तिच्या मैत्रिणीला वर्णामुळे नकार मिळाला. प्रकृतीही नाजूक; छातीच्या विकाराने नोकरी सोडावी लागली. १८५८ साली तिने वहीत स्वतःचे परीक्षण केले आहे ते वाचून आपले मन कळवळते. आपणास ना रूप, ना बुद्धीची चमक, ना कसली प्रतिभा, असा निवाडा तिने स्वतःविरुद्ध दिला. आणि मौज अशी, की त्याच वर्षी तिचा एक लेख वृत्तपत्रात छापून आला होता! जगाने सतत हलके लेखले, की माणूस स्वतःलाही त्याच तराजूत तोलू लागतो. शार्लटने मात्र तो निवाडा लिहून ठेवला आणि फ्रेंच, जर्मन व लॅटिनचा अभ्यास चालू ठेवला. मला तिची थोरवी येथे दिसते.

१८६१ साली अमेरिकेत उत्तरेकडील व दक्षिणेकडील प्रांतांत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यालगतची बेटे जिंकली. तेथील कापसाच्या मळ्यांचे गोरे मालक पळून गेले आणि सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. त्यांना अक्षरओळखही नव्हती. गुलामांना शिकविणे हा तेथे गुन्हा मानला जाई. त्यांच्यासाठी शिक्षक हवे आहेत, हे कळताच शार्लटने अर्ज केला. बोस्टनच्या मंडळाकडे दाद लागली नाही. फिलाडेल्फियाच्या मंडळाने तिला घेतले. ऑक्टोबर १८६२ मध्ये ती सेंट हेलेना बेटावर उतरली. आता तिला शार्लटबाई म्हणावयास हवे.

शाळा एका विटांच्या प्रार्थनामंदिरात भरे. एकाच दालनात अनेक वर्ग, त्यामुळे गलका फार. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येत. शेतातील काम आटोपून आलेली मुले थकलेली असत, तरी अक्षरे शिकण्याची त्यांची हौस मोठी. बेटावरील लोकांना प्रथम शार्लटबाईंचेच नवल वाटले. आपल्यासारख्याच वर्णाची ही बाई गोऱ्या शिक्षिकांच्या बरोबरीने वागते, हे त्यांना पटेना; काहीजण तिचे काम करण्यासही राजी होईनात. गुलामीने त्यांना स्वतःच्या वर्णाची किंमत करावयास शिकविलेच नव्हते. एके दिवशी बाई पियानो वाजवू लागल्या, तेव्हा ते लोक थक्क होऊन ऐकत राहिले, आणि हळूहळू त्यांच्यावर लोभ करू लागले.

नोव्हेंबर महिन्यात बाईंनी एक दिवस मुलांना तूसँ लुव्हेर्तूरची गोष्ट सांगितली. तूसँ हा सँ दोमँग बेटावर गुलामीत जन्मला. १७९१ साली तेथे गुलामांनी बंड केले, आणि पुढे त्यांचे नेतृत्व तूसँने केले. फ्रेंचांनी त्याला कपटाने पकडले व तो १८०३ साली फ्रान्समधील तुरुंगात मरण पावला; परंतु लगेच पुढच्या वर्षी तेथील फ्रेंच वसाहत हैती या नावाने स्वतंत्र झाली. मुले कान देऊन ऐकत होती. आपल्यासारख्याच एका माणसाने आपल्या लोकांसाठी काय केले हे या मुलांना कळले पाहिजे, त्यांच्या मनात धैर्य व उच्च हेतू जागला पाहिजे, असे त्या दिवशी बाईंनी रोजनिशीत नोंदविले. फिलिसच्या पुस्तकाने एका सोळा वर्षांच्या मुलीला जे दिले, तेच ती आता या चिमुकल्या मुलामुलींना देत होती. त्या नाताळात मुलांनी गाण्यासाठी बाईंच्या विनंतीवरून कवी व्हिटियर यांनी नवे गीत लिहून पाठविले.

१ जानेवारी १८६३ रोजी गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा निघाला. जवळच्या छावणीत तो वाचला गेला, तेव्हा बाई तेथे हजर होत्या. (गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली अर्पण केला, हे तुम्ही ऐकले असेल.) त्याच वर्षी जुलैमध्ये वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण अतिशय शौर्याने लढली. जखमींची शुश्रूषा करण्यास बाई धावल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या वाट्याला सैनिकांचे कपडे शिवण्याचे काम आले. त्या कपड्यांना गोळ्यांनी भोके पडली होती.

१८६४ साली सैन्यात दाखल झालेले वडील आजाराने वारले. त्याच वर्षी बाईंनी बेट सोडले. तेथील जीवनावरील त्यांचे दोन लेख ‘अटलांटिक मंथली’ या प्रसिद्ध मासिकात आले. पुढे त्यांनी अन्यत्र शिकविले, वॉशिंग्टनला सरकारी कचेरीत कामही केले. १८७८ साली धर्मोपदेशक फ्रान्सिस ग्रिम्के यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ग्रिम्के यांचा जन्म गुलामीत झाला होता. १८८० साली त्यांना मुलगी झाली. ती सहा महिन्यांचीही झाली नाही. हे दुःख बाईंनी मुकाट्याने गिळले. १८९६ साली कृष्णवर्णीय स्त्रियांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. जुलै १९१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या रोजनिशीच्या पाच वह्या त्यांची मैत्रीण ॲना ज्युलिया कूपर यांनी जपून ठेवल्या. कूपरबाईही गुलामीत जन्मलेल्या, आणि पुढे वॉशिंग्टनमधील एका नामांकित शाळेच्या मुख्याध्यापिका झालेल्या. १९५३ साली त्या वह्यांतील बराचसा भाग पुस्तकरूपाने प्रथम छापला गेला, आणि १९८८ साली त्या संपूर्ण प्रसिद्ध झाल्या. स्वतःला प्रतिभाहीन ठरविणारे १८५८ सालचे ते पानही त्यात आहे.